तारेवर ठेवायचं शून्य

बुधवारी दुपारी धुळ्याहून फोन आला. माझा धाकटा भाऊ सुधीर कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोसळला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधी गेला. फोन त्याची विद्यार्थिनी पल्लवी हिनं केला होता. मी जळगावला ग्रंथालयात होते. पिंप्राळ्याच्या घरी जाऊन ही बातमी मला वडिलांना, आबांना सांगायची होती, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांच्याशी बोलायला आम्ही घरात एक पाटी ठेवली आहे. मी त्या पाटीवर लिहिलं... आबांनी वाचलं, आणि ती पुसायला मला परत दिली.

सुधीर इंजिनिअरिंगच्या मुलांना आवाजावर काम करायला शिकवायचा. त्यानं लग्न केलं नाही. कॉलेज, लॅपटॉप आणि रविवारी आमच्याकडे येणं एवढाच त्याचा संसार. बस एरंडोलला थांबली की फोन करायचा, ‘अक्का, चहाचं आधण ठेव.’ आला की चपला काढायच्या आधी लॅपटॉप उघडायचा. त्यातलं ते सॉफ्टवेअर मी वर्षानुवर्षं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. कोऱ्या पडद्यावर तो चौकटी मांडायचा, प्रत्येकीचं काम वेगळं, आणि एका चौकटीतून दुसरीत जाणाऱ्या तारा ओढायचा. डावीकडून आवाज आत यायचा, तारांवरून चौकटीचौकटींतून पुढे सरकायचा आणि उजवीकडून बदलून बाहेर पडायचा. याला तो ग्राफ म्हणायचा. तारांना तो मराठी नावं द्यायचा... ‘बोलणं’, ‘गलका’, ‘पंखा’. एक तार दुसरीला छेदून गेलेली त्याला खपत नसे. मुलांनी तशी काढली तर म्हणे, ‘ही तुझी तार आहे की सुतळीचा गुंता?’

आबांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ते त्याच्या मागे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘हाई त पानीनी चारी दिखस.’ त्यांचं आयुष्य चाऱ्या काढून केळीला पाणी देण्यात गेलेलं. सुधीरनं पाटीवर लिहिलं, ‘पाणी नाही आबा, आवाज.’ आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. ‘मंग बांध कोठे शे?’ सुधीर हसत सुटला. ‘पंखा’ नावाची तार जिथं अडवली होती, ती जागा त्यानं दाखवली आणि लिहिलं, ‘बांध इथं. पंख्याचा आवाज पुढे जात नाही.’ आबांनी मान डोलावली, म्हणजे काम पसंत होतं.

तो ग्राफ आबांसाठीच होता. कानाची मशीन त्यांनी घेऊन पाहिली होती. पण ताटल्या, पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा, सारं एकदम मोठ्यानं कानात शिरायचं, म्हणून ती कपाटात गेली. मागच्या हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत होता. वांगी भाजली जात होती, चुलत्यांच्या थट्टा चालल्या होत्या आणि आबा कडेला बसले होते. सगळे हसले की तेही हसत, क्षणभर उशिरा. सुधीरनं ते पाहिलं. परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, ‘अक्का, आबा ऐकून नाही, आपल्याकडे बघून हसत होते.’ त्यानंतर हा ग्राफ सुरू झाला. लॅपटॉपला माईक आणि हेडफोन जोडायचे, आणि नेमकं माणसाचं बोलणं तेवढं आबांपर्यंत पोहोचवायचं.

एका अडचणीत तो बरेच दिवस होता. हेडफोनमधला आवाज निसटून परत माईकमध्ये जायचा आणि शिट्टी वाजायची. ती बंद करायला त्यानं शेवटच्या चौकटीतून एक तार मागे पहिलीकडे आणली. पण तसं केलं की ग्राफ जागचा हलेना. पहिली चौकट शेवटच्या चौकटीच्या उत्तरासाठी थांबलेली, शेवटची पहिलीसाठी. ‘कोणाचीच चूक नाही अक्का,’ त्यानं मला सांगितलं होतं, ‘सगळे एकमेकांची वाट बघताहेत.’ उपाय असा, की सुरू करण्याआधी त्या मागे येणाऱ्या तारेवर आपण हातानं एक आकडा ठेवायचा. बहुतेक वेळा शून्य. तेवढं मिळालं की पहिली चौकट काम करते, मग दुसरी, आणि चक्र फिरू लागतं.

या शून्याला तो ‘पहिली मूठ’ म्हणायचा. ज्वारीच्या पेरणीला आबा बियाण्याची पहिली मूठ आम्हा पोरांच्या हातून टाकवून घेत. मग औत चाले. सुधीरनं ती रीत वर्गात नेली. ग्राफ पूर्ण झाला की शून्य तो स्वतः टाकत नसे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला बोलवायचा. एकदा तर खुर्च्या मोजायला आलेल्या कारकुनाच्या हातून टाकवून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘आबांचा ग्राफ झाला. मूठ तेवढी राहिली. रविवारी त्यांच्याच हातून टाकू.’

‘आधी चालवून तरी बघ,’ मी म्हटलं.

‘कशाला? नाही चालला तर आबांवर ढकलता येईल.’

ते आमचं शेवटचं बोलणं.

नंतरच्या दिवसांत आबा पाटी हातात घेईनात. मी लिहिलेलं वाचत नसत. भेटायला येणाऱ्यांसमोर मान खाली घालून बसत. एका रविवारी पल्लवी सुधीरचा लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, ‘ताई, सगळं जोडलेलं आहे. मी चालवून पाहिलं नाही. सरांनी आबांसाठी ठेवलंय.’ तिनं हेडफोन पुढे केले तर आबांनी हातानं बाजूला सारले. ‘आते कोनासाठे ऐकू?’

मी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवून लिहिलं, ‘पेरणी खोळंबली आहे. पहिली मूठ तुमची.’

आबांनी ते वाचलं, मग चष्मा पुसला. पल्लवीनं ती मागे वळणारी तार दाखवली. तिच्यावर सुधीरनं दिलेलं नाव होतं, ‘आबा’. त्यांनी एका बोटानं शून्य दाबलं आणि हेडफोन स्वतःच चढवले. पडद्यावर चौकटी एकेक करून हिरव्या झाल्या. शिट्टी वाजली नाही. मी सवयीनं, गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, ‘आबा!’

‘वरडू नको,’ आबा म्हणाले. ‘माले ऐकू येस.’ मग पल्लवीकडे वळले. ‘सांग बेटा. तो वर्गात कसा बोलस?’

त्या दुपारी पल्लवी बोलत होती आणि आबा ऐकत होते. सुतळीच्या गुंत्याचं सांगितल्यावर ते हसले, आणि उशिरा नाही.

ते शून्य कायमचं भरून ठेवता येतं, म्हणजे रोज टाकावं लागणार नाही, असं पल्लवीनं निघताना सांगितलं. आबांनी तसं करू दिलं नाही. पाटी आता कपाटात आहे. लॅपटॉप खिडकीपाशी असतो. सकाळी चहा झाला की आबा त्याच्यासमोर बसतात आणि शून्य टाकतात.