बुडणाऱ्या बेटाची प्रतिनिधी

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला माझ्या शेजारी बसते ती मुलगी कोकणातल्या नाटे गावची. वर्गात कोणी बोलू लागलं की हनुवटी मुठीवर टेकवून शेवटपर्यंत ऐकते, आणि मग सावकाश हेल काढत विचारते, "पण सर, त्यांचं नक्की अडतंय कुठं?" मी करारांची कलमं पाठ करून येते, सर मात्र तिच्या या एका प्रश्नावर अख्खा तास घेतात. माझा नुसता जळफळाट होतो.

यंदा कॉलेजात संयुक्त राष्ट्रांची अभिरूप सभा भरली. विषय होता वाढत्या समुद्राचा. मला अमेरिका मिळाली, तिला एक चिमुकलं बेट. बहिणीचा कोट घालून मी तावातावाने सुरुवात केली आणि मध्येच सगळं विसरले. मागे खुसखुस सुरू झाली. तेवढ्यात ती उठली.

"अमेरिकेला विचारायचंय, आमचं बेट बुडालं तर आमच्या माणसांनी जायचं कुठं?"

माझ्या भाषणाचा पुढचा परिच्छेद नेमका त्यावरच होता. होस्टेलच्या गच्चीवर मी तो घोकत असताना तिनं आठवडाभर ऐकला होता. मी धडाधड बोलत सुटले. परीक्षकांना वाटलं, अवघड प्रश्नाला ऐनवेळी उत्तर दिलं. पहिलं बक्षीस मला मिळालं.

"बरी बोललीस गो," टाळ्या वाजवत ती म्हणाली.

तिनं मला हरवलं असतं, तर मी एक वेळ सहन केलं असतं. तिला त्याची गरजच वाटली नाही.