पहिले नळावर धुऊन या

"सिस्टर, हे काय पाय आहेत? जा, पहिले नळावर धुऊन या. मग मी धुतो."

पास्टर साहेब एवढंच बोलले. हळूच बोलले, पण हॉलमधल्या साऱ्यायले ऐकू गेलं. लाखनीत हायवेवर आमच्या मंडळीचा टिनाचा हॉल आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिथं पाय धुवायचा विधी होते. येशूनं शिष्यायचे पाय धुतले, तसे पास्टर बारा जणायचे धुवते. त्या साली बारात माझं नाव होतं. मंडळीतल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी धानाच्या बांधीतून सरळ आली होती. उन्हाळी धानाचं निंदण चालू होतं. दिवसभर चिखलात उभं राहून बोटायच्या मधात चिखल्या झालेल्या, नखं काळी. घरी गेली असती तं उशीर झाला असता. अन मले वाटलं, पाय धुऊन घ्यायलेच तं चालली आहो. येडी मी.

उठली मी. हेच आजही जास्त टोचते. ते म्हणाले अन मी उठली. नळावर गेली, दगडानं घासघास घासले. चिखल्या फुटल्या, रक्त आलं. वापस आली तं माझ्या खुर्चीवर नागपूरहून आलेल्या पाहुण्याची बायको बसून होती. पास्टर कमरेले टॉवेल बांधून तिचे पाय पुसून राहिले होते, मोबाइलवर फोटो निघून राहिले होते. स्वच्छ पाय, नखाले पालिश. तिचा काही दोष नाही. मी दाराजवळ ओल्या पायानं उभी राहिली.

मग पास्टरनं संदेश दिला. विषय नम्रता. "देवाचा सेवक किती खाली वाकते, आज तुम्ही पाहिलं," म्हणाले.

मी बोलली. "पास्टर साहेब, तुम्ही धुतलेलेच पाय धुतले."

मग ते म्हणाले, "सिस्टरमधे गर्वाचा आत्मा आहे. हात ठेवा सगळे, तो काढून टाकू."

ताराबाई उठली. तिनंच मले या मंडळीत आणलं होतं. माझ्या दुखण्यात तिनं माझ्या चुलीवर भात रांधला होता. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आणखी हात आले, मान दाबू लागले. मान वाकली तं मले माझेच पाय दिसले. पाणी अन रक्त.

"हात काढा," मी म्हटलं. ताराबाईनं काढला नाही. मी माझ्या हातानं तो बाजूले केला अन घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती पास्टरचा निरोप घेऊन आली. "रविवारी समोर उभी राहून माफी माग. नाही तं प्रभुभोजनाची भाकर भेटणार नाही. कायले अडून बसली वं? अभिषिक्त माणूस आहे तो."

माफी नाही मागितली तं काय जाणार आहे ते मले माहीत होतं. मंडळीत आली तेव्हाच माहेर तुटलं होतं, आता मंडळीच उरली होती. सासूच्या तेरवीले मी जेवली नाही, पास्टरनं नको म्हटलं म्हणून. जावेनं वाढलेलं ताट तिच्यासमोरच बाजूले सरकवलं. मनात म्हटलं, मी तुमच्यापेक्षा पवित्र. तेव्हा जावेचं तोंड कसं झालं असेल, ते मले त्या नळावर समजलं. गर्व माझ्यात होताच. पण तो पास्टरनंच शिकवला होता, अन आता तेच काढायले निघाले होते. मी जावेच्या घरी गेली, तिची माफी मागितली. पास्टरची नाही.

आता रविवारी घरीच बसते. एकटीच बायबल वाचते, एकटीच गाणं म्हणते. थकून जाते मी. मंडळीची आठवण येते, खोटं कायले बोलू. ताराबाई बाजारात दिसली तं तोंड फिरवते.

येशूले मी सोडलं नाही. पण ज्याले माझा चिखल चालत नाही, त्याच्या हातची प्रभूची भाकर मी घेणार नाही. पोरीले सांगून ठेवलं आहे, मी मेली तं माझ्या मातीवर प्रार्थना करायले त्याले बोलवायचं नाही.