खाऱ्या जमिनीतलं भात

सातवीत शाळा सोडून मी ओरिसाहून पेणला आलो. शेजारच्या खोलीतले काका मिठागरावर कामाला जात. बोलण्याआधी तळवे लुंगीला पुसत आणि मोजकंच बोलत.

चक्रीवादळात आमचं गाव बुडालं, तेव्हा चाळीतल्या सगळ्यांनी धीर दिला. काकांनी मात्र विचारलं, "पाणी खारं व्हतं काय रं?"

"हो, समुद्रच शेतात आला."

"मंग दोन-तीन वरसं पीक नाय."

मला रागच आला. पुढे भावाचं पत्र आलं, आई गेल्याचं. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही.

गावी निघालो, तर काका एसटी स्टँडवर हजर. हातात तांबड्या भाताच्या बियाण्याची पिशवी.

"खाऱ्या जमिनीत येतं ह्ये. आयशीला सांग, शिजवायचं नाय, पेरायचं हाय."

"व्हय काका, सांगतो," एवढंच मला म्हणता आलं.