जुवाला एकच बैल

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला त्या वर्षांतली गोष्ट. माझी लेक परभणीच्या कॉलेजात सायन्सला होती. मी दुसरीतून शाळा सोडलेला, पण तिच्या पुस्तकाशी भांडण मी सोडलं नाही. ती मोठ्यानं वाचायची, मी दोर वळत ऐकायचो. एकदा म्हणाली, बैल गाडीला जेवढा ओढतो तेवढीच गाडी बैलाला मागं ओढते.

"मग गाडी हालती कशी?"

"बैल पायानं जमीन मागं रेटतो, आबा. जमीन त्याला पुढं ढकलती."

"जमिनीला हे काम कुणी सांगितलं?"

ती हसायची. मी काही हार मानली नाही.

तिचा फिजिक्सचा पेपर दुपारी, अन् आदल्या दिवशी खबर आली की उद्या नामांतराच्या विरोधात बंद, एसटी निघणार नाही. पेपर बुडाला की वर्ष गेलं, अन् वर्ष गेलं की भावकी तिचं लगीन उरकायला टपलेलीच होती. माझ्याकडं गाडी होती, पण बैल एकच. दुसरा बैल वरल्या आळीतल्या एका कास्तकाराचा. त्याच्याकडंही एकच. आमची सावड होती, म्हणजे एक दिवस जोडी त्याच्या रानात, एक दिवस माझ्या. ज्याची पाळी त्यानं दुसऱ्याचा बैल सोडून न्यायचा, विचारायचं नसतं. पेपरच्या दिवशी पाळी त्याची होती. त्यात आमी बौद्ध, अन् आदल्या सांजेलाच वरल्या आळीनं आमच्याशी देवघेव बंद ठरवलेली.

बायको म्हणाली, "जाऊन मागा की."

"पाळी नसताना मी मागत नसतो."

तांबडं फुटताना बैल डाव्या अंगाला जुपला अन् जुवाची उजवी बाजू माझ्या खांद्यावर घेतली. लेक गाडीत बसेना.

"आबा, जिकडं जोर कमी तिकडं गाडी वळती. तुमच्याच अंगाला येईल."

"बस म्हणलं ना."

ती बसली. फुफाट्यात माझे पाय मागं सरकत होते, जमीन काही ढकलत नव्हती. बैलानं जोर केला अन् गाडी माझ्याच अंगाला वळून चाक नालीच्या काठाला गेलं. तेवढ्यात बोळाच्या तोंडाला सावडीतला तो कास्तकार दिसला. हातात त्याच्या बैलाचं दावं. पाळी त्याची, माझा बैल न्यायला आला होता.

"बैल कमी पडला म्हणून मालक जुपला का?" तो म्हणाला. हसला मात्र नाही. "आज पाळी माझी हाय."

"ठाऊक हाय. पोरीचा पेपर हाय."

त्यानं मागं वरल्या आळीकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "बैल लिंबाला बांधून मी जातो. सुटून गेला म्हणून सांगीन."

"चोरीचा बैल मी जुपत नसतो. द्यायचा तर हातात दे, न्हाईतर माझा बी घेऊन जा. पाळी तुझी हाय."

तो हालला नाही. मीही जू खाली ठेवलं नाही. खांदा सोलला होता. शेवटी लेकच गाडीतून उतरली अन् त्याच्यापुढं हात केला. "काका, माझ्याकडं द्या. उशीर होतोय."

त्यानं दावं तिच्या हातात दिलं अन् मान खाली घालून गेला.

मोठा रस्ता सोडून आमी पांदीनं, रानातल्या गाडीवाटेनं गेलो. झरी गावाच्या अलीकडं बंदवाली चार-पाच माणसं वाटेवर उभी होती. लेकीनं पुस्तक पदराखाली घेतलं. एकजण बैल ओळखून म्हणाला, "हा उजवा बैल तर वरल्या आळीतला हाय." मी कासरा ढिला केला नाही, मागं पाहिलं नाही. गाडी वरल्या आळीची समजून ते मागं आले नाहीत.

पेपर वेळेत गाठला. परतताना विचारलं, "बैलाचं गणित आलं का?"

"न्हाई आबा. कप्पीचं आलं. सोडवलं."

दिवस मावळायला गावात शिरलो. पारावर माणसं होती, तोही होता. गाडी पाहून सगळे उजव्या बैलाकडं बघू लागले. एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "तुझा बैल यांच्या गाडीला कसा रे?"

सुटून गेला होता, असं म्हणायला त्याला मोकळीक होती. मी बोलणार नव्हतो.

तो उठला, बैलाची मान चाचपून पाहिली, घाम पुसला. "मीच दिला," म्हणाला. "पोरीची परीक्षा होती."

मग जू सोडून त्यानं आपला बैल घेतला, अन् माझाही. पाळी त्याची राहिली होती.