दारावरची फळी

मला कुणाचं चटकन कौतुक करता येत नाही. नाशिकला एकतीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर बरोबर असेल तर मार्क, नाहीतर भोपळा, एवढाच व्यवहार मला ठाऊक. पण आमच्या शेजारच्या शकुंतलाबाईंचा विषय निघाला की माझा हात सैल सुटतो. बाई सत्तावन्न वर्षांच्या. गुडघे दुखरे. माळ्यावरचा डबा काढायचा तर स्टुलावर चढायला नवऱ्याला हाक मारणार. आणि या बाईंनी घरातल्या घरात मुलीला खडक चढायला तयार केलं, असं सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयानं बघतात.

मुलाच्या, कुशलच्या, नोकरीपायी मी म्हैसूरला आले आणि हिनकलच्या या घरात राहू लागले. इथे मराठी फक्त फोनवर ऐकायला मिळणार अशी मनाची तयारी केली होती. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, तुम्ही मराठीच अल्ला?" म्हणजे, मराठीच ना? या शकुंतलाबाई. त्यांच्या सासरचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडा गेला, फौज गेली, तलवार तेवढी अजून हॉलच्या भिंतीवर आहे. यजमान फत्तेसिंगराव रेल्वेच्या कारखान्यातून सुतार म्हणून निवृत्त झालेले. एकुलती एक मुलगी सौम्या एका प्रयोगशाळेत कामाला. त्यांच्या मराठीला कन्नडची सढळ फोडणी असते आणि घरातल्या बायकाही 'मी आलो, मी केलो' असंच म्हणतात. पहिले सहा महिने माझ्या कानाला ते खुपायचं. आता मीच कधीकधी तसं बोलते आणि कुशल हसतो.

सौम्याचं चढणं बेट्टदपुरच्या डोंगरावर सुरू झालं. दहा वर्षांची होती. देवळाच्या पायऱ्या चढता चढता आई निम्म्यावर दम लागून बसली, तर ही बाजूच्या कातळावर जाऊन उभी. खाली उतरवायला फत्तेसिंगरावांना जावं लागलं आणि तेच अडकले. पुढे हुणसूर रस्त्यावर एका जुन्या गोदामात मंजुनाथ नावाच्या माणसानं चढाईची जिम काढली. भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्या आणि खाली जाड गाद्या. सौम्या तिथे जायला लागली ती कायमची.

पण जिम संध्याकाळची. सकाळची शाळा घरी. फत्तेसिंगरावांनी फणसाच्या लाकडाची एक फळी तासली, तिला बोटाचं एक पेर मावेल एवढ्या खाचा पाडल्या आणि ती निजायच्या खोलीच्या दारावर ठोकली. त्या खाचांत बोटं अडकवून सौम्या लटकायची. सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, असं सहा वेळा. मग विश्रांती, मग परत. पाठीवरच्या पिशवीत नाचणीच्या पिठाचं पाच किलोचं पाकीट, म्हणजे वजन वाढावं. आणि मोजायला शकुंतलाबाई. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून मांडीवर घ्यायच्या आणि "ओंदु, एरडु, मूरु" सुरू. मी दारात जाऊन काही बोलायला लागले तर हात वर करायच्या. "स्वल्प थांबा अक्का, पोरगी लटकलीय." एकदा गॅसवरचं सांबार उतू गेलं, पण पाचावर असलेली बाई सात म्हटल्याशिवाय उठली नाही. असली शिस्त मी माझ्या वर्गातसुद्धा पाहिली नाही.

मागच्या वर्षी राज्याच्या संघात चार मुली घेतल्या आणि सौम्या पाचवी आली. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. या वर्षीची निवड डिसेंबरात बंगळूरला होती. तिथे पहिल्या चारांत यायचं, यासाठीच ती सकाळ-संध्याकाळ राबत होती.

मग दसरा आला. आयुधपूजेला म्हैसुरात ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. बसवाल्याची बस, शिंप्याचं मशीन, माझ्या कुशलचा लॅपटॉपसुद्धा. शकुंतलाबाईंच्या घरी पहिला मान तलवारीचा. तिला खोबरेल तेल लावून लख्ख पुसायचं, मग हळदकुंकू, मग शेवंतीची माळ. तलवारीनंतर फत्तेसिंगरावांचे पटाशी-रंधे. या वर्षी बाईंच्या मनात आलं, आमच्या पोरीचं हत्यार कुठलं? ही फळीच की. मुलगी राज्यासाठी लढायला निघाली आणि तिचं हत्यार कोरडं ठेवायचं? त्यांनी नवऱ्याला स्टूल धरायला लावलं, स्वतः वर चढल्या आणि तलवारीला लावतात तस्सं खोबरेल प्रत्येक खाचेत बोटानं चोळलं. हळदकुंकू लावलं, माळ घातली. मी तीर्थप्रसादाला गेले होते. फळी कशी छान दिसतेय, असं मीही म्हणाले. शहाणपणा तेव्हा कुणालाच सुचला नाही.

पूजेतल्या हत्याराला विजयादशमीपर्यंत कुणी हात लावत नाही. दशमीला माळ उतरवली, बाईंनी फडकं फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सौम्या पिठाची पिशवी पाठीला लावून लटकली. मोजणी चारवर आली तेव्हा बाकीची बोटं घसरली, सगळा भार उजव्या हाताच्या अनामिकेवर आला आणि टक्‌ असा आवाज झाला. तो आवाज घड्याळ घेऊन खाली बसलेल्या शकुंतलाबाईंनी ऐकला.

बोटातली शीर ताणली गेली होती. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे लटकणं बंद. निवडीला उरले होते दहा.

शकुंतलाबाई माझ्याकडे आल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. "अक्का, चमकू दे म्हणून मी तेल लावलो. माझ्या हातानं पोरीचं बोट मोडलो." मी समजूत घालायला गेले, पण मला गोड बोलता येत नाही. "चूक झाली आहे," मी म्हणाले, "आता पुढचं गणित मांडा." त्या घरी गेल्या. घड्याळ परत स्वयंपाकघरात टांगलं आणि त्या खोलीत जायचंच सोडलं. सौम्या त्यांना एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

पुढचं गणित मांडलं मंजुनाथनं. तो घरी आला, बोट पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, बोटाला सुट्टी आहे, पायाला नाही. सौम्याची बोटं बळकट, पण ती पाय कुठेही टाकते आणि हातांनी ओढत बसते. मागच्या वर्षी पाचवी आली ती यामुळेच. सहा आठवडे नुसते पाय शिकायचे. पाय नेमका ठेवायचा आणि आवाज होऊ द्यायचा नाही. "बघायला कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसायला हवं," मी पटकन बोलून गेले आणि जीभ चावली. शकुंतलाबाई मात्र त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या.

फत्तेसिंगरावांनी मागच्या अंगणातल्या भिंतीला कमरेच्या खाली बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. हातांना फक्त भिंतीचा आधार, पकडायचं काही नाही. आता सौम्याचा पाय नेमका कुठे पडतो हे कळणार कसं? उपाय शकुंतलाबाईंना सुचला. दारात रोज एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई. त्यांनी प्रत्येक पट्टीवर रांगोळीचा हरभऱ्याएवढा ठिपका टाकला. सौम्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की तिचे बूट उलटे करून बघायच्या. पांढरा डाग अंगठ्याच्या टोकाला असेल तर ठीक. तळव्याच्या मध्ये किंवा कडेला असेल तर "तिरगा". म्हणजे परत. पाऊल वाजलं तरी परत. ठिपका नुसता फिसकटला तरी परत. पहिल्या दिवशी चौदा वेळा परत झालं. सौम्या चिडून म्हणाली, "अम्मा, जिममध्ये पण एवढं कुणी बघत नाही." बाई म्हणाल्या, "मग ते काय शिकवतात ग?" आणि नवे ठिपके टाकायला बसल्या. गुडघे दुखत असताना रोज बावीस पट्ट्या, सकाळी आणि परत संध्याकाळी. मंजुनाथनं हे पाहिलं आणि आठवड्याभरात त्याच्या जिममधल्या सगळ्या मुलांच्या बुटांना रांगोळी लागलेली दिसायला लागली. मला त्या दिवशी विनाकारण छाती फुगवून चालावंसं वाटलं, आणि मी चाललेही.

डिसेंबरात कुशलच्या गाडीतून आम्ही सगळे बंगळूरला गेलो. भिंत पाच मजली उंच असेल. कमरेला दोर बांधून वर जायचं, जो जास्त वर पोचेल तो पुढे. मधोमध एक भाग असा होता की हाताला धरायला जवळजवळ काहीच नाही, पायाखाली तेवढ्या बारीक खुंट्या. तिथे एकेक मुलगी हातांनी ओढायला जायची, दंड भरून यायचे आणि दोरावर लोंबकळायची. मागच्या वर्षीची पहिली आलेली मुलगीसुद्धा तिथेच सुटली.

सौम्या तिथे पोचली आणि थांबली. खाली शकुंतलाबाई फक्त तिच्या बुटांकडे बघत होत्या. एक पाय टेकला, अंगठ्यावर. मग दुसरा. दोन्ही हात भिंतीवर नुसते टेकवून ती सावकाश उभी राहिली, पायांच्या जोरावर वर सरकली आणि वरची मोठी खुंटी तिच्या हाती आली. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. बघू देत. सौम्या तिसरी आली. संघात गेली.

मग एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रशिक्षकाचं नाव आणि सही. सौम्यानं मंजुनाथच्या खाली दुसऱ्या ओळीत आईचं नाव लिहिलं आणि पेन पुढे केलं. शकुंतलाबाई दोन पावलं मागे सरल्या. "बेड ग, नको. सरांचं एकट्याचं घाल. तेल लावून तुझं बोट घालवलेली बाई मी. माझी सही कशाला?"

सौम्याचा चेहरा पडला. क्षणभर तिनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे. "अम्मा, फळी चकाकत होती ते मी बघितलो होतो," ती म्हणाली. "लटकायच्या आधी ब्रशनं घासून घ्यायची, हा आमचा जिममधला पहिला धडा. त्या दिवशी मी कंटाळा केलो. तू चूक स्वतःवर घेतलीस आणि मी गप्प बसलो. सांगायची लाज वाटली."

दहा आठवडे. दहा आठवडे त्या बाईनं ते ओझं वागवलं होतं. मला वाटलं आता रडतील. शकुंतलाबाईंनी आधी सौम्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, तो शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. मग तिला जवळ ओढून तिच्या उजव्या हाताचं ते बोट दोन्ही डोळ्यांना लावलं. मग पदरानं तोंड पुसून पेन घेतलं आणि फॉर्म आपल्याकडे वळवला.

"कुठं करायची सही, दाखव," त्या म्हणाल्या. "आणि नाव नीट लिही. शकुंतलाबाई फत्तेसिंगराव, असं पुरं."