उजवा खांदा पाऊण इंच खाली

चाळीस वर्षं कोट शिवून शिवून मास्तरांना माणसांची तोंडं लक्षात राहीनाशी झाली होती, खांदे मात्र राहत. बाजारात कुणी हाक मारली की ते आधी त्याच्या खांद्यांकडे बघत आणि मग ओळख पटून म्हणत, “अरे, सव्वासतरा! बरा आहेस ना?” स्वतः ते चणीने बेताचे, म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांच्या काखेपर्यंत पोचतील इतके. पण हा विषय दुकानात काढायची सोय नव्हती. एकदा बायकोने हौसेने स्टूल आणून ठेवलं, तर त्यांनी लगेच त्यावर इस्त्री ठेवून दिली.

“मास्तर स्टुलावर चढून माप घेत नसतो,” ते म्हणाले. तेव्हापासून त्या स्टुलावर इस्त्रीच राहत होती.

आता गंमत अशी की, गेली तीन वर्षं त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर नेला की तोंडातून ‘आई गं’ निघे, आणि निघाल्याबरोबर ते खोकत, म्हणजे ऐकणाऱ्याला ते खोकल्याचंच वाटावं. कुणालाही वाटत नसे. उपाय म्हणाल तर मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. शेवटी खांद्यावर ओलं फडकं टाकून वरून इस्त्री फिरवावी असाही विचार त्यांनी बोलून दाखवला. पण बायको इस्त्री घ्यायला इतक्या उत्साहाने उठली की त्यांनी तो बेत तिथेच सोडला.

आणि नेमक्या याच तीन वर्षांत सगळ्या गावाचा उजवा खांदा पडला.

हे मास्तरांनी स्वतः टेप लावून पाहिलं होतं. वहीत पान उलटावं तर तेच: उजवा खांदा पाऊण इंच खाली. पोस्टमनचा पडला तर समजण्यासारखं आहे, तो पिशवी अडकवतो. पण बँकेतल्या कॅशियरचा का पडावा? गाणं शिकवणाऱ्या बाईंचा? मास्तरांनी काही दिवस मोबाईलला दोष दिला आणि मुकाट्याने प्रत्येक कोटात उजव्या बाजूला जाड पॅड घालायला सुरुवात केली. ट्रायलला कोट कसा चापूनचोपून बसे. घरी जाऊन आरशासमोर घातला की उजव्या खांद्यात कुणी बटाटा दडवल्यासारखा उंचवटा दिसे. माणसं भिडस्तपणे कोट परत आणत, मास्तर पुन्हा मोजत, आणि खांदा पुन्हा पाऊण इंच खालीच निघे.

तशात मुलीला नोकरी लागली. दूरच्या, थंडीच्या गावात. निघायला सहा आठवडे होते आणि तिने एकच मागितलं होतं, “बाबा, कोट तुम्ही स्वतः बेतायचा. कारागिराच्या हातात कात्री द्यायची नाही.” मास्तरांनी उत्तम लोकरी कापड आणलं. दोनदा टेबलावर पसरलं आणि दोनदा घडी घालून ठेवलं. ती मोठी कात्री धरून हात लांब केला की खांद्यातून अशी कळ येई की खडूची रेघ राहायची एकीकडे आणि कात्री निघायची भलतीकडे. लेक बापाने बेतलेल्या कोटाशिवाय जाणार, ही भीती त्यांना रात्रंदिवस खात होती. पण बोलतील तर ते मास्तर कसले!

त्यांचा सगळा राग निघाला समोरच्या माडीवर. तिथे एक ऑस्टिओपॅथ बाई दवाखाना चालवत. महिनोन्‌महिने सांधे नि स्नायू दुखणारी माणसं त्यांच्याकडे जात. बाई ना गोळी देत ना सुई टोचत, नुसत्या हातांनी चाचपून, दाबून, हळूच ताणून उपचार करत. एकदा पोस्टमन जिना उतरता उतरता म्हणाला, “मास्तर, बाईंनी पाठ काय मोकळी केली हो! अगदी सरळ झालो.”

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातातलं काज तसंच टाकून, गळ्यात टेप घेऊन ते तरातरा माडी चढले.

“बाई, हा काय प्रकार आहे? मी वाकड्या माणसाचा कोट शिवतो, आणि तुम्ही कोट घरी पोचायच्या आत माणूस सरळ करून ठेवता! निदान मला सांगत तरी जा!”

“मास्तर, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी माझ्याकडे येतात फक्त दोघं.”

“खोटं! सगळ्या गावाचा उजवा खांदा...” मास्तरांनी आवेशात बोट उगारलं. “आई गं!” आणि ते खोकले.

“खोकला किती दिवसांचा?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“तीन वर्षांचा.”

“आणि हात?”

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “तोही तेवढाच.”

बाईंनी आधी त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. हाडाला काही इजा नाही असं त्यांच्याकडून कळल्यावर मग टेबलावर आडवं केलं. मान बघितली, बरगड्या बघितल्या, कंबर बघितली. मशीन कुठल्या पायाने मारता हे विचारून घोटाही बघितला. मास्तरांचा धीर सुटला.

“बाई, दुखतोय खांदा. तुम्ही पायाशी काय करताय?”

“बाही नीट पडत नसली तर तुम्ही फक्त बाहीच उसवता का?”

“कधी कधी गळ्यात चूक असते,” ते पुटपुटले.

“मग पडून राहा.”

मास्तर पडून राहिले. इतकं गप्प पडून राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. निघताना बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज भिंतीवर बोटांनी चढत चढत हात जमेल तितका वर न्यायचा, आणि उंच माणसाचं माप घेताना स्टुलावर उभं राहायचं. पहिली त्यांनी मानली. दुसरी ऐकून कान लाल झाले, आणि सूड म्हणून त्यांनी तिथल्या तिथे बाईंचंच माप घेतलं.

“बघा! तुमचासुद्धा पाऊण इंच खाली! आधी स्वतःचा सुधारा.”

बाई ओठ दाबून हसल्या. “असू दे. लिहून ठेवा, आणि महिन्याने परत मोजा.”

झालं, दुकानाची भिंत खडूच्या रेघांनी भरत चालली. बोटं जिथवर चढतील तिथे मास्तर खूण करून तारीख घालत. आठवड्यातून एकदा बाई, रोज भिंत. पहिले दहा दिवस रेघ जागची हलेना. मग दोन बोटं चढली, एकदा रुसून खाली आली, आणि पाचव्या आठवड्यात कॅलेंडरच्या खिळ्याला टेकली. खांदा अजून कुरकुरत होता, पण ऐकत होता. मास्तरांनी मुलीला हाक मारली.

ती पाठमोरी उभी राहिली. मास्तरांनी टेपचं टोक धरून उजवा हात वर नेला. आजवर नेमक्या या क्षणी कळ येऊन त्यांचे डोळे घट्ट मिटलेले असत. आज ते उघडे होते. आणि त्यांना दिसलं, हात पोचायच्या आधीच मुलीचा उजवा खांदा अलगद खाली येत होता.

“हे काय करतेस?”

“काय?”

“खांदा का पाडलास?”

मुलगी जीभ चावून वळली. “सवय झाली, बाबा. तुमचा हात वर जात नाही ना. मग आपणच थोडं खाली यायचं. सगळेच येतात. पोस्टमनकाकांनीच मला शिकवलं, हळूच झुकायचं, मास्तरांना कळू द्यायचं नाही.”

तीन वर्षांचे कोट मास्तरांच्या डोळ्यांसमोरून गेले. माणसं बटाट्याचे कोट घालून हिंडली, पण ‘मास्तर, तुमचा हात चुकतोय’ असं एकानेही म्हटलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच्या मागोमाग साऱ्या गावाबद्दल इतकी माया दाटून आली की ते जोरात खोकले. नेहमीप्रमाणे कुणी फसलं नाही. मुलीने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले.

मग मास्तरांनी स्टुलावरची इस्त्री उचलून खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यावर चढले.

“सरळ उभी राहा. अगदी सरळ.”

दोन्ही खांदे तंतोतंत सारखे निघाले. त्यांनी ते वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली, कापड पसरलं आणि कात्री घेतली. पहिला काप खडूच्या रेघेवरून सरळ गेला. तेवढ्यात दारावरून पोस्टमन चालला होता.

“अहो साडेअठरा!” मास्तर स्टुलावर चढत ओरडले. “इकडे या, तुमचा कोट उसवायचाय! माप द्या!”

पोस्टमन आत आला, पाठमोरा उभा राहिला आणि सवयीने त्याने उजवा खांदा खाली घेतला.