चिमामावशीची गप्प गाठ

चिमामावशी मेंढीची कास डोळे मिटून तपासायची. बोटांच्या टोकांनी नव्हे, सपाट पेरांनी. आत खड्यासारखं लागलं की दाबून बघायची. "लाथ मारली बग. दुखतंय हिला," म्हणत हळद कालवायला घ्यायची. मेंढी गप्प उभी राहिली तर पुढच्या मेंढीकडे वळायची.

स्वतःच्या स्तनातल्या गाठीलाही तिने हाच न्याय लावला.

निरगुडसर गावच्या समाजमंदिरात मी, आरोग्यसेविका म्हणून, स्तनांच्या कॅन्सरवर बायकांची सभा घेतली. पत्रकं वाटली, घसा फोडून सांगितलं, की गाठ दुखत नसली तरी दाखवा, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं तरी दाखवा. सगळ्या पांगल्यावर मावशी खांबाशी थांबली.

"न दुखनारी बी?"

"हो मावशी. कधीपासून आहे?"

"वरीस झालं. गप हाय बिचारी."

पुण्यात सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर काखेपर्यंत पोचला होता. आधी किमो, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दिवाळीनंतर तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. तिचे मालक, गेनूकाका, थांबतो म्हणाले. तिनेच त्यांना घालवलं. "मेंढरांना काय सांगू? किमो हाय, खाऊ नका?"

पत्र्याच्या घरात ती एकटी राहिली. केस गेले, तोंडाची चव गेली. शेजारणी चहा द्यायच्या, पण कप उंबऱ्याबाहेर ठेवून. मी भडकले. कॅन्सर कपातून लागत नाही, हे आळीभर ऐकवलं. मावशीने माझा हात ओढला.

"वरडू नको गं. तू जाशील घरी. मला हितंच ऱ्हायाचंय."

दुसऱ्या वर्षी आजार हाडांत शिरला. मेंढरं कोकणात असतानाच ती गेली.

दहाव्याला गेनूकाकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, तुझ्या सभेतच कळलं ना तिला?"

खोटं बोलायला मला जमलं नाही. "गाठ त्याआधी वर्षभर होती, काका. तिला माहीत होतं."



"वरीसभर एका घोंगडीवर निजलो आमी. मला का न्हाई बोलली?"

सभेच्या दिवशी काका तिच्यासोबत समाजमंदिराच्या दारापर्यंत आले होते. हा बायकांचा विषय आहे, असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं होतं.